मान वीणेचा, गळ्याचा नव्हे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

आम्ही काही शिकलेले नाही. चौथी पास. पुढं शाळेनं आम्हाला सोडलं आणि बैलांनी धरलं. शेती हा आमचा प्रपंच आणि कीर्तन ही सेवा. शताब्दी समितीनं सांगितलं, महाराज, आज कीर्तन नको, चार शब्द बोला. गळ्यात वीणा नाही, मागं टाळकरी उभे नाहीत, म्हणून अभंगही घेत नाही. बांधावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो. गोड लागलं तर घ्या. कडू लागलं तर औषध समजून गिळा.

आज बोलायचं आहे ते मानाविषयी.

आपल्या भाषेत मान दोन आहेत. एक मान लोक देतात आणि एक मान आपल्या खांद्यावर असते. गंमत अशी, की पहिल्या मानापायी माणूस ही दुसरी मान अडकवून घेतो. बैलाची मान जुवाखाली जाते ती मालकाच्या धाकानं. माणूस मात्र आपल्या हातानं जू उचलतो, आपल्याच मानेवर ठेवतो आणि वर लोकांना विचारतो, कसं दिसतंय?

आषाढात आपल्याकडं बेंदूर असतो. बैलाला धुतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात, वाजतगाजत मिरवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. त्या दिवशी बैलाएवढा मोठा गावात कोणी नसतो. दुसऱ्या दिवशी तोच बैल औताला. बैल शहाणा, त्याला ठाऊक असतं की झूल आपली नव्हे. माणसाला एकदा कोणी फेटा बांधला, की तो उतरवायचं त्याच्या जिवावर येतं. मग फेटा टिकवायला दुसरा खर्च, तो खर्च झाकायला तिसरा.

एका घराची गोष्ट सांगतो. त्या गृहस्थानंच आम्हाला सांगितलं, महाराज, माझी कथा लोकांना सांगा, पण नाव घेऊ नका. म्हणून गाव सांगत नाही, आडनाव सांगत नाही. चार एकर बागायत, दोन मुली, एक मुलगा. घरात खाऊन पिऊन सुख. थोरल्या मुलीचं लग्न निघालं. भावकीत आदल्या साली एक लग्न झालं होतं, त्यात दोन हजार पानं उठली होती. मग यानं ठरवलं, आपली अडीच हजार उठली पाहिजेत. मंगल कार्यालय, डॉल्बी, पत्रिकेवर शंभर निमंत्रकांची नावं, आमदार येणार म्हणून वेगळा सोफा, पाहुण्यांना फेटे, व्याह्यांच्या सगळ्या भावकीचा मानपान. सोसायटीचं कर्ज आधीच अंगावर होतं. घरातलं सोनं गहाण पडलं. तरी भागेना, तेव्हा 5 लाख खासगी सावकाराकडून उचलले, महिना शेकडा 3 रुपयांनी.

आता हिशेब करा. आम्ही चौथी शिकलो तरी एवढा हिशेब येतो. महिन्याला व्याज 15 हजार. वर्षाला 1 लाख 80 हजार. एकरी 40 टन ऊस आणि टनाला 3 हजार धरले, तर एकराचे होतात 1 लाख 20 हजार. त्यात बेणं, खत, पाणी, मजुरी काहीच वजा धरलेलं नाही. म्हणजे दीड एकराचा ऊस नुसत्या व्याजात गेला. मुद्दल आहे तिथंच आहे. तीन वर्षांनी एक एकर विकून तो मोकळा झाला. मोकळा कसला, तीन एकरांचा झाला.

आणि लोकांनी काय म्हटलं? ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते अडीच हजार लोक हात धुऊन बाहेर पडताना म्हणाले, आमटी जरा खारट होती. महिन्याभरात दुसऱ्या गावात दुसरं लग्न झालं आणि लोक त्याचं बोलायला लागले.

पण आमच्या जिवाला लागलं ते वेगळंच. हा गृहस्थ वारीला येणारा. वीस वर्षं त्यानं पखवाज वाजवलेला. एकर विकल्यावर तो वारीला येईना. आम्ही घरी गेलो, विचारलं, का हो? म्हणाला, "महाराज, अठरा-वीस दिवस घर सोडायचं तर त्या सावकाराला विचारावं लागायचं. आता त्याचं फिटलं, पण सवय झालीय. कुणी काय म्हनंल, ह्येच डोक्यात." पखवाज खुंटीला टांगलेला होता. शाईला तडे गेलेले. माउली हो, ज्याला आषाढात पताका खांद्यावर घ्यायला दुसऱ्याला विचारावं लागतं, तो माणूस मोकळा नाही. मग त्याच्या दारात ट्रॅक्टर असो, गाडी असो, नाहीतर घरावर दोन मजले असोत. आणि ज्याला विचारावं लागत नाही, तो एका पत्र्याच्या खोलीत राहात असला तरी मोकळा. सुखाची आमची व्याख्या एवढीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, मान काय एकदम वाईट आहे का? मानाशिवाय गाव चालतं का? याचं उत्तर आपल्या वारीतच आहे.

वीणा बघा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याप्रमाणं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायावर सगळे डोकं ठेवतात. सत्तरीचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो. पहारा संपला की तो पोरगा वीणा उतरवतो, पुढच्याच्या गळ्यात घालतो, आणि आता हा त्याच्या पाया पडतो. मग जाऊन पंगतीत पत्रावळी वाढतो. त्याला वाटतं का, की माझा मान गेला? नाही. कारण मान वीणेचा होता, गळ्याचा नव्हता. गळा दोन तासांपुरता उसना. वारीनं मान नाकारला नाही, फिरता ठेवला. पाट फिरत राहिला की सगळं रान भिजतं. एकाच वाफ्यात पाणी तुंबलं तर तो वाफा नासतो आणि बाकीचे वाळतात.

वारीत सगळ्यांना एकच नाव, माउली. पुण्यात कंपनीत साहेब असलेलं पोरगं टँकरच्या नळाला कळशी लावून उभं असतं आणि मागून शेतमजूर म्हणतो, "माउली, जरा सरका." तो सरकतो. त्याला कोणी साहेब म्हणत नाही आणि त्याला तेच आवडतं. आम्ही एकाला विचारलं, बाबा, एवढी रजा घालवून येतोस, तुला इथं काय मिळतं? म्हणाला, "इथं मला कुणी ओळखत नाही, बुवा. वर्षातनं तेवढेच दिवस हलकं वाटतं."

आता हैबतबाबांचं घ्या. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदार. घोडं, हत्यार, हुकूम, सगळं होतं. गावाकडं येताना वाटेत लुटारूंनी धरलं, कैदेत त्यांनी हरिपाठ धरला आणि त्यातून सुटका झाली, असं आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. पुढं ते आळंदीला माउलींच्या चरणाशी राहिले. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. तंबू कुठं, दिंडी कुठं, भजन कोणत्या क्रमानं, घोडं कुठं चालायचं, ही सगळी लष्करातली शिस्त त्यांनी देवाच्या कामाला लावली. म्हणजे लक्षात घ्या, त्यांनी सरदारकी सोडली, पण काम सोडलं नाही. मान सोडणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. आणि शेवटी स्वतःसाठी जागा कुठली? आळंदीच्या महाद्वारातली पायरी. आज लाखो लोक हैबतबाबांच्या पायरीला हात लावून आत जातात. शिंद्यांच्या पदरी सरदार पुष्कळ झाले. त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला येतात? पायरी झालेल्याचं नाव मात्र पोरासोरांना येतं. पंढरपुरात नामदेवरायांनीही पायरीचीच जागा घेतली. देवळाला कळस असताना या थोरांनी पायरी पसंत केली, याचा विचार करा.

तुकोबारायांच्या घरी सावकारी होती, महाजनकी होती. दुष्काळ पडला, घर बसलं. लोकांकडून येणं असलेली खतं घरात होती. त्यातली निम्मी धाकट्या भावाला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. आपण म्हणतो, तुकोबांनी कुळांना मोकळं केलं. खरं आहे. पण आम्हाला वाटतं, आधी ते स्वतः मोकळे झाले. ज्याचं येणं आहे, तोसुद्धा बांधलेलाच असतो. रोज त्या कागदाकडं बघतो, रोज त्या माणसाच्या दाराकडं बघतो. पुढं राजाकडून नजराणा आला तोही त्यांनी परत पाठवला, अशी परंपरा सांगते. देवाजवळ त्यांनी मोठेपण मागितलं नाही, लहानपण मागितलं. तो अभंग तुम्हा सर्वांना पाठ आहे, आम्ही म्हणायची गरज नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा कोणी उलटा अर्थ काढील. मान सोडा, मान सोडा, असं ज्यांना कधी मानच मिळाला नाही त्यांना सांगायचं नसतं. चोखोबांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही. त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर, दाराबाहेर. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठं विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं. त्या दारासाठी जे झगडले, ते मोठेपणाच्या मागं लागले होते असं म्हणणारा वारकरी नव्हे. माणूस म्हणून बरोबरीनं उभं राहणं हा हक्क आहे. दुसऱ्याच्या वर दिसणं ही हाव आहे. दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. तुम्हाला मिळाल्यानं दुसऱ्याचं कमी होतं का, एवढं बघा. बरोबरी वाटली तर कोणाचं कमी होत नाही. वरची खुर्ची मात्र एकालाच मिळते आणि बाकीचे खाली जातात. तसंच, मान सोडला म्हणून कोणाच्या दारात लाचार व्हायचं नाही. उलट ज्याला फेटा नको, त्याला पुढाऱ्याच्या पुढं वाकायचं कारण उरत नाही.

आता घरचंच बोलतो. आपल्या दिंडीचं.

माउलींच्या रथापुढं 27 दिंड्या चालतात, बाकीच्या मागं. प्रत्येकीचा क्रम ठरलेला. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी काठी वर केली की एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतात. फार सुंदर रीत आहे. पण अलीकडं टाळ कशासाठी वाजतात? कुणाचं पाणी आलं नाही, कुणाची बाई आजारी पडली, यासाठी वाजले तर ठीक. आमच्या पुढं अमकी दिंडी घुसली म्हणूनही वाजतात. विठ्ठल एकच, वाट एकच, पोचायचा दिवस एकच. चार पावलं पुढं चाललेल्याला आषाढी काय आधी येते?

आज या सोहळ्याचे फ्लेक्स लागलेत. फोटो कुणाचा वर आणि कुणाचा खाली, यावर बैठक अडीच तास चालली. माउलींचा फोटो छापायचा कुठं, हे शेवटच्या पाच मिनिटांत ठरलं. आमच्या कीर्तनकार मंडळींचंही तेच. बिदागीचा आकडा आधी ठरतो, चरण मागून ठरतो. नावापुढं पदव्या एवढ्या, की नाव वाचेपर्यंत माणूस पुढं निघून जातो. ज्यानं हजारो लोकांना अहंकार सोडा म्हणून सांगायचं, त्याचीच खुर्ची कोपऱ्यात आली म्हणून तो रुसतो.

आषाढीच्या पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्री महापूजा करतात. त्यांच्या शेजारी दर्शनरांगेतलं एक वारकरी जोडपं असतं. मानाचे वारकरी म्हणतात. केवढा मान! पण ते जोडपं मानासाठी रांगेत उभं नव्हतं, दर्शनासाठी उभं होतं. पायाला गोळे आलेले, अंगावर प्रवासाचीच धोतर-साडी. मान आला, पूजा झाली, दुसऱ्या दिवशी ते आपल्या गावी खुरपायला. असा मान यावा आणि असा जावा.

आमच्या घरातलं एक सांगतो, म्हणजे आम्ही नुसतं दुसऱ्याला शिकवतो असं व्हायला नको. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा समोरचीही माळकरी मंडळी होती. गावच्या देवळापुढं मांडव, दीडशे माणूस, पुरी-भाजी आणि शिरा, कुणाला फेटा नाही, मानपान नाही. घरातून विरोध झाला. मंडळी म्हणाल्या, "लोक काय म्हनत्याल? महाराजांनी पोरीला उजवली का ढकलली?" तेव्हा मुलगीच बोलली. म्हणाली, "आबा, माझ्या लग्नाचं व्याज तुम्ही फेडत बसलात, तर मला सासरी झोप लागायची नाही." त्यावर कोण काय बोलणार?

लग्न झालं. पण फुकट काही होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेहुण्यांना फेटा नाही म्हणून ते पंगतीतून उठले आणि दोन वर्षं आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. मंडळींनी दोन दिवाळ्या भावाविना काढल्या, भाऊबीजेला डोळे पुसले. गावात महिनाभर चर्चा, बुवा चिक्कू आहे. हे सगळं सोसावं लागतं. जो म्हणतो मान सोडणं सोपं आहे, त्यानं सोडून बघितलेला नाही. पण लग्नाच्या पुढच्याच साली पाऊस हुकला. विहिरीनं तळ दाखवला, ऊस निम्म्यावर आला. तेव्हा दर महिन्याला आमच्या दाराशी सावकाराची मोटारसायकल उभी राहिली नाही. भाकरी कोरडी होती, झोप पुरी होती. आषाढ लागला तशी पताका घेतली आणि कुणाला न विचारता निघालो. मेहुणेही पुढं आले. त्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा येऊन विचारू लागले, "दाजी, तुमच्या लग्नाला एकूण किती खर्च आला होता?"

आता शेवटचं, आणि कामाचं.

आपल्या दिंडीची मोठी पातेली आहेत, काहिली आहेत, ताडपत्र्या, राहुट्या, सतरंज्या आहेत. दोन-अडीचशे माणसांचा स्वयंपाक रोज रानात करणाऱ्या बाया आणि आचारी आपल्याकडं आहेत. हे सगळं वारीचा महिना सोडला तर अकरा महिने खोलीत पडून असतं, उंदीर सतरंज्या कुरतडतात. आमचं समितीला मागणं आहे. दिंडीतल्या ज्या घराला लग्न साधं करायचं आहे, त्याला ही भांडी, हा मांडव फुकट द्यावा. स्वयंपाकाला दिंडीतली माणसं उभी राहतील. अट दोनच. हुंडा घ्यायचा-द्यायचा नाही, त्याला तर 1961 पासून कायद्यानंच बंदी आहे. आणि कर्ज काढायचं नाही. एकट्यानं साधं लग्न केलं तर लोक त्याला चिक्कू म्हणतात. शंभर घरांनी केलं तर तीच रीत होते. एकट्या माणसाच्या अंगी लोकांचं बोलणं सोसायचं बळ नसतं, म्हणून तर आपण दिंडीनं चालतो. एकटा माणूस आळंदीहून पंढरपूरला जाऊ शकत नाही का? जातो. पण पाय दुखले की परत फिरतो. दिंडीत पाय दुखले तरी टाळाच्या नादात चालत राहतो. हेही तसंच आहे.

तुम्हाला हात वर करा म्हणणार नाही. चारचौघांत हात वर करणं हाही एक मानच झाला. घरी जा, मंडळींशी बोला, लग्नाच्या पोराला-पोरीला विचारा. आणि जमलं तर त्या खुंटीवरच्या पखवाजवाल्याकडं आपण चौघं-पाच जण जाऊ. शाई नवी भरून देऊ. त्याला उपदेश करायचा नाही. नुसतं म्हणायचं, माउली, आमचा ठेका चुकतोय, चला.

ही दिंडी शंभर वर्षांची झाली. या शंभर वर्षांत वीणा किती गळ्यांत गेली, त्यांची सगळी नावं कुणालाच ठाऊक नाहीत. कुणाचे फ्लेक्स लागले नव्हते, कुणाची पत्रिका निघाली नव्हती. घरची भाकरी फडक्यात बांधून ते निघाले आणि चालत राहिले, म्हणून आज आपल्याला ही वाट सापडली. आपणही वीणा पुढच्याच्या गळ्यात घालू, त्याच्या पाया पडू आणि पंगतीत वाढायला जाऊ.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.